लहान बेटांवरील घरगुती सांडपाण्याची प्रक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेप्टिक टँक आणि शोषखड्डा ही पद्धत सर्वत्र चालते, मग लहान बेटावर ती अपुरी का ठरते?

सेप्टिक टँक मैलापाणी शुद्ध करते हा समज मुळातच अर्धवट आहे. टाकीत जड भाग तळाला बसतो, तेलकट भाग तवंग होऊन वर येतो आणि मधले पाणी बाहेर पडते. टाकी योग्य मापाची असेल, तर तरंगत्या घन पदार्थांपैकी अर्धा किंवा त्याहून थोडा अधिक भाग तिच्यात अडतो. रोगजंतू मात्र मोठ्या संख्येने पाण्यासोबत पुढे जातात आणि नत्र जवळजवळ पूर्णपणे, मुख्यतः अमोनियाच्या रूपात, बाहेर पडते. खरी शुद्धी टाकीनंतरच्या कोरड्या, हवेशीर मातीत होते. पाणी तिच्यातून सावकाश झिरपते, मातीच्या कणांवरचे सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खातात आणि जंतू कणांना चिकटून मरतात.

प्रवाळाच्या वाळूने बनलेल्या बेटावर हीच माती नसते. वाळू भरड असते, तिच्यात चिकणमाती आणि सेंद्रिय अंश नगण्य असतो आणि भूजल अनेकदा जमिनीखाली अवघ्या एक-दोन मीटरवर लागते. शोषखड्डा खणला की त्याचा तळ थेट भूजलात किंवा त्याच्या अगदी जवळ जातो. अशा खड्ड्यातले पाणी झटपट नाहीसे होते, म्हणून घरमालकाला तो उत्तम चालतो असे वाटते. प्रत्यक्षात ते पाणी प्रक्रियेविना विहिरीच्या पाण्यात मिसळत असते. ज्वालामुखीजन्य उंच बेटांवर माती बरी असू शकते, पण भेगाळलेल्या लाव्हा खडकातही पाणी असेच वेगाने खाली जाते. म्हणून जमिनीचा प्रकार पाहिल्याशिवाय कोणताही आराखडा स्वीकारू नये.

बेटाखाली गोडे पाणी कसे टिकते आणि त्याचा शौचालयाशी संबंध काय?

पावसाचे मुरलेले पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. गोड्या पाण्याची घनता १ धरली, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ असते. या फरकामुळे समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर तत्त्वतः तिच्याखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी हे नाते मांडणाऱ्या गायबेन आणि हर्झबर्ग यांची नावे त्याला दिली जातात. प्रत्यक्षात भरती-ओहोटीच्या हेलकाव्यांमुळे मधे मचूळ पाण्याचा जाड पट्टा तयार होतो आणि सखल कंकणद्वीपांवर, म्हणजे कड्याच्या आकाराच्या प्रवाळी बेटांवर, पिण्याजोग्या पाण्याचा थर पुष्कळ पातळ असतो.

या भिंगात वरून भर घालणारा स्रोत पाऊस आहे आणि दुसरा स्रोत, इच्छा असो वा नसो, घरांचे सांडपाणी आहे. विहीर ज्या भिंगातून पाणी घेते, त्याच भिंगाच्या छतावर शोषखड्डा बसवलेला असतो. सांडपाणी दूर नेऊन टाकण्याजोगी पडीक जागा, मोठी नदी किंवा खोल मातीचा थर येथे उपलब्ध नसतो, त्यामुळे बेटावर सांडपाण्याचा प्रश्न हा आधी पिण्याच्या पाण्याचा प्रश्न असतो. या पानावरील पुढील उत्तरे याच भूमिकेतून दिली आहेत.

विहीर आणि शोषखड्डा यांच्यात १५ मीटर अंतर ठेवणे पुरेसे नाही का?

हा नियम सूक्ष्म कणांच्या मातीसाठी ठीक आहे. भरड प्रवाळी वाळूत त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. महत्त्वाचे असते ते पाण्याला ते अंतर कापायला लागणारा काळ. जर्मनीसारख्या देशांत सार्वजनिक विहिरींभोवतीचा संरक्षित पट्टा ठरवताना भूजलाला विहिरीपर्यंत पोहोचायला किमान ५० दिवस लागावेत असा निकष वापरतात, कारण तेवढ्या काळात बहुतेक रोगजंतू मरतात. भूजल दिवसाला एक मीटर सरकत असेल, तर १५ मीटर अंतर १५ दिवसांतच पार होते. मोकळ्या खडीत किंवा भेगांमध्ये वेग याहून बराच अधिक असू शकतो. विषाणू तर जीवाणूंपेक्षा लहान असल्याने वाळूत कमी अडकतात आणि अधिक काळ तग धरतात.

आणखी दोन अडचणी आहेत. भूजल उताराच्या दिशेने वाहते, म्हणून खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला ठेवावा, असा सल्ला दिला जातो. पण सखल बेटावर हा उतार अत्यल्प असतो आणि भरती-ओहोटीनुसार पाणी पुढे-मागे हलते. शिवाय विहिरीवर पंप बसवला की ती चारही बाजूंनी पाणी ओढते. दाट वस्तीत तर तुमचा खड्डा तुमच्या विहिरीपासून दूर असला, तरी तो शेजाऱ्याच्या विहिरीजवळ असतोच. अंतर शक्य तितके वाढवावेच, मात्र केवळ त्याच्या भरवशावर विहिरीचे पाणी पिऊ नये.

सांडपाण्यातील नेमके काय काढायचे असते?

रोगजंतू, सेंद्रिय पदार्थ आणि पोषक द्रव्ये, म्हणजे मुख्यतः नत्र व स्फुरद, या तीन गोष्टींकडे पाहावे लागते. पहिल्या दोन गोष्टींविषयी बहुतेकांना कल्पना असते. तिसरी दिसत नाही, तिला वास नसतो आणि उकळूनही ती जात नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

मैलापाण्यातील अमोनियाचे हवेशीर वाळूत नायट्रेट बनते आणि नायट्रेट पाण्यासोबत विनासायास खाली उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे. त्याहून अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यात दूध कालवून पाजल्यास तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते.

एक ढोबळ गणित मांडून पाहता येईल. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे ४ किलो नत्र बाहेर पडते असे धरू. ते सगळे नायट्रेट होऊन भूजलात गेले, तर ते वरील मर्यादेत राखण्यासाठी वर्षाला सुमारे साडेतीन लाख लिटर स्वच्छ पाणी त्यात मिसळावे लागेल. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस खरोखर जमिनीत मुरत असेल, तर तेवढ्या पाण्यासाठी माणशी ५०० चौरस मीटर मोकळी जमीन हवी; म्हणजे एका हेक्टरवर २० माणसे. काही नत्र वाटेत वायुरूपाने उडून जाते, त्यामुळे हा आकडा काहीसा कडक आहे. तरीही अनेक बेटांवरील वस्त्या याच्या कितीतरी पट दाट आहेत. तेथे प्रत्येक घराने सेप्टिक टँक अगदी नियमानुसार बांधली, तरीही भूजल नायट्रेटमुक्त राहणार नाही. हा दोष बांधकामाचा नसून पद्धतीच्या निवडीचा आहे.

चहूकडे समुद्र असताना सांडपाणी त्यात सोडले तर काय बिघडते?

कोठे आणि किती खोल सोडता, यावर उत्तर अवलंबून आहे. लगूनच्या, म्हणजे प्रवाळभित्तीच्या आतल्या जलाशयाच्या, उथळ पाण्याची बाहेरच्या समुद्राशी देवाणघेवाण मंद असते. तेथे नत्र व स्फुरद साठले की शेवाळ फोफावते, प्रवाळाला झाकते आणि लहान प्रवाळांना बसायला जागा उरत नाही. हवाईतील कानेओहे उपसागर हे याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. तेथे वर्षानुवर्षे सोडले जाणारे सांडपाणी १९७७-७८ मध्ये खोल समुद्राकडे वळवल्यावर प्रवाळावर पसरलेले हिरवे शेवाळ पुढील काही वर्षांत लक्षणीय प्रमाणात घटले. सखल बेटांना लाटांपासून आडोसा देणारी प्रवाळभित्तीच असल्यामुळे तिचे नुकसान हे केवळ मासेमारीचे किंवा पर्यटनाचे नुकसान नसते.

प्रवाळभित्तीच्या बाहेरच्या कडेपलीकडे, खोल पाण्यात नेलेला पाइप अधिक सुरक्षित असतो, कारण तेथे प्रवाह असतात आणि पाणी लवकर विरळ होते. पण लाटांच्या माऱ्यात तो पाइप टिकवणे खर्चाचे काम आहे आणि तुटलेला पाइप नेमका भित्तीवरच सांडपाणी ओततो.

आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. मालदीवची राजधानी माले येथे १९७८ मध्ये कॉलऱ्याची साथ आल्यानंतर मैलापाण्याच्या वाहिन्या टाकण्यात आल्या आणि मैलापाणी समुद्रात जाऊ लागले. त्यामुळे रोगराईचा धोका कमी झाला, पण जमिनीतून उपसलेले पाणी पुन्हा जमिनीत न जाता समुद्राला मिळू लागले. वाढत्या उपशासोबत याचीही भर पडून गोड्या पाण्याचे भिंग क्षीण झाले. वाहिन्या टाकणे हा चुकीचा निर्णय होता असे याचा अर्थ नव्हे. दाट शहरात दुसरा मार्गही फारसा नव्हता. मात्र फ्लशसाठी भूजल वापरून ते समुद्रात सोडायचे, ही व्यवस्था लहान बेटाने पूर्ण हिशेब मांडूनच स्वीकारावी.

फ्लशसाठी समुद्राचे पाणी वापरता येते का?

येते. हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकापासून ही पद्धत आहे आणि आज तेथील बहुसंख्य लोकांच्या शौचालयात खारे पाणीच येते. पण त्या शहराकडे स्वतंत्र जलवाहिन्या, गंजरोधक साहित्य, प्रक्रिया केंद्रे आणि कुशल कर्मचारी आहेत. प्रशांत महासागरातील किरिबाती देशाच्या दक्षिण तरावा बेटावर १९७७ च्या कॉलऱ्याच्या साथीनंतर दाट वस्त्यांसाठी समुद्राच्या पाण्यावर चालणारी मलवाहिनी बांधण्यात आली. तिने गोड्या पाण्याची बचत केली, परंतु खारे पाणी पंप आणि जोडण्या झपाट्याने खाते, आणि पुढे त्या यंत्रणेची मोठी दुरुस्ती करावी लागली.

समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते. बंद वाहिनीत सूक्ष्मजीव त्यापासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, तो काँक्रीट पोखरतो आणि बंद चेंबरमध्ये उतरणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतू शकतो. वैयक्तिक घरासाठी तर हा पर्याय टाळावाच, कारण खाऱ्या पाण्याने फ्लश करून ते शोषखड्ड्यात सोडणे म्हणजे स्वतःच्या विहिरीत मीठ ओतणे होय.

पाणी न वापरणारे, सोनखत देणारे शौचालय खरोखर चालते का?

चालते आणि भूजल उथळ असलेल्या बेटांसाठी आमच्या मते पहिला विचार याच पर्यायाचा व्हावा. प्रशांत महासागरातील तुवालू या लहान द्वीपदेशात २०११ साली दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर झाली होती. अशा बेटावर पावसाच्या टाकीतील पाणी फ्लशमध्ये घालवणे किती महाग पडते, हे वेगळे सांगायला नको. तेथील फुनाफुटी बेटावर अशी शौचालये प्रत्यक्ष बांधली गेली आहेत.

रचना साधी असते. जमिनीच्या वर, तळ पक्का आणि अभेद्य असलेले दोन कप्पे बांधतात. एक कप्पा वापरात असतो आणि दुसरा भरून बंद केलेला असतो. प्रत्येक वापरानंतर मूठभर कोरडे साहित्य टाकायचे: लाकडाचा भुसा, वाळलेला पालापाचोळा किंवा नारळाच्या सोडणाचा भुगा. त्याने ओल शोषली जाते, ढिगात हवा राहते, वास व माश्या आवरतात आणि कार्बन-नत्राचे प्रमाण कुजण्यास अनुकूल होते. हे प्रमाण २५ ते ३० ला १ असल्यास कुजण्याची क्रिया उत्तम होते. मागच्या बाजूला गडद रंगाचा, उंच वायुनलिका पाइप असावा आणि त्याच्या तोंडाला माश्या-डासांसाठी जाळी असावी.

कप्पा बंद केल्यावर किती काळ थांबायचे, हा सुरक्षिततेचा खरा मुद्दा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, साठवणीदरम्यान नवा मैला न घालता, २० ते ३५ अंश सेल्सियस तापमानात एक वर्षाहून अधिक काळ आणि त्याहून थंड हवेत दीड ते दोन वर्षे साठवण आवश्यक आहे. राख किंवा चुना घालून सामू (पीएच) ९ च्या वर राखला आणि ढीग कोरडा व उबदार राहिला, तर सहा महिन्यांहून थोडा अधिक काळ पुरतो. जंताची अंडी सर्वांत चिवट असतात आणि ही मुदत मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. घरगुती ढीग क्वचितच इतका तापतो की उष्णतेने जंतू मरावेत. म्हणून ढीग काळा, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचा झाला तरी मुदत पूर्ण होण्याआधी कप्पा उघडू नये. पूर्ण मुरलेले सोनखतही झाडांच्या मुळाशी मातीआड करावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते घालू नये.

शौचानंतर पाणी वापरणाऱ्या कुटुंबांनी अशा शौचालयाचे काय करावे?

धुण्याचे पाणी ढिगात जाऊ देऊ नये, एवढी एकच अट आहे. ढीग ओला झाला की त्यातील हवा संपते, कुजण्याऐवजी सडणे सुरू होते आणि दुर्गंधीमुळे शौचालय वापरातून जाते. बसण्याच्या जागेशेजारी धुण्यासाठी स्वतंत्र उतार व निचऱ्याची जागा ठेवून ते पाणी भूपृष्ठाजवळच्या, झाडे लावलेल्या, तळाला अस्तर असलेल्या वाफ्यात सोडावे. ते थोडे असले तरी त्यात मैल्याचा अंश असतो, म्हणून त्याला न्हाणीघराचे पाणी समजू नये. अनेक ठिकाणी बाहेरून आलेल्यांनी आराखडा तयार केला, त्यात ही सोय ठेवली नाही आणि मग लोकांनी शौचालय नाकारले, असा दोष लोकांच्या माथी मारला गेला. आराखडा कागदावर उतरण्याआधी घरातील स्त्रिया, वृद्ध आणि मुले यांच्याशी बोलणे हाच यावर उपाय आहे.

लघवी वेगळी गोळा करण्याचा काही लाभ आहे का?

मोठा लाभ आहे. माणसाच्या उत्सर्गातील नत्राचा सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक आणि स्फुरदाचा निम्म्याहून अधिक भाग लघवीत असतो, तर जंतूंचा भार मुख्यतः मैल्यात असतो. म्हणून लघवी वेगळी काढली, तर भूजलाला होणारा नायट्रेटचा त्रास मुळातच घटतो आणि मैला कोरडा राहतो. एका कुटुंबाची लघवी त्याच कुटुंबाच्या झाडांना, पाण्यात विरळ करून आणि मातीत मुरवून, थेट वापरता येते. अनेक घरांची एकत्र केली तर बंद पिंपात २० अंश किंवा अधिक तापमानात सहा महिने साठवावी. प्रवाळी वाळूत पिकांना नत्र कमीच मिळत असल्याने हे खत वाया घालवणे परवडणारे नाही. मात्र वाहक नळ्या रुंद आणि पुरेशा उताराच्या ठेवाव्यात, कारण त्यांत क्षार साचून त्या तुंबतात.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे पाणी निरुपद्रवी असते का?

नसते, पण ते हाताळायला सोपे असते. घरातील एकूण सांडपाण्याचा निम्म्याहून अधिक भाग याच पाण्याचा असतो. कपडे धुण्यात, विशेषतः बाळाचे लंगोट धुण्यात, मैल्याचे जंतूही त्यात येतात. स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी आधी तेल-तूप व खरकटे अडवणारा छोटा चेंबर असावा आणि तो नियमितपणे रिकामा करावा. त्यानंतर सर्व पाणी पालापाचोळ्याने भरलेल्या उथळ चरांत, केळी किंवा नारळासारख्या भरपूर पाणी पिणाऱ्या झाडांभोवती, आलटून पालटून सोडावे. चर भूपृष्ठाजवळ असण्यालाच महत्त्व आहे, कारण हवा, मुळे आणि सूक्ष्मजीव वरच्या थरातच असतात. हे पाणी साठवू नये. उष्ण हवेत एका दिवसात ते सडू लागते. सोडियम व बोरॉन अधिक असलेल्या धुण्याच्या पावडरी झाडांना आणि मातीला मानवत नाहीत.

घरी आधीच सेप्टिक टँक आहे. ती पाडून टाकावी का?

नाही. आधी ती खरोखर टाकी आहे का, हे तपासावे. अनेक बेटांवर जिला सेप्टिक टँक म्हणतात तिला तळच नसतो. टाकी रिकामी करून, स्वच्छ पाण्याने भरून एक दिवस ठेवावी आणि पातळी उतरते का ते पाहावे. भरती उंच असताना रिकाम्या टाकीत बाहेरून पाणी शिरते का, हेही पाहावे. गळती असेल, तर आतून गिलावा करावा किंवा तयार प्लास्टिकची टाकी बसवावी. आत मधली भिंत, प्रवेश व निर्गम या दोन्ही ठिकाणी टी-आकाराचा जोड आणि शक्य असल्यास निर्गमावर गाळणी असावी.

त्यानंतर टाकीतून निघणाऱ्या पाण्याकडे वळावे. शोषखड्डा बुजवून पाणी जमिनीच्या वर रचलेल्या वाळू-मातीच्या उंचवट्यात, सच्छिद्र पाइपांतून थोडे थोडे सोडणे हा सर्वांत उपयोगी बदल आहे. पाइप आणि भरतीच्या वेळचे भूजल यांच्यात किमान ६० ते ९० सेंटिमीटर कोरडा थर हवा. हे मोजमाप ओहोटीच्या वेळी घेऊन स्वतःची फसवणूक करून घेऊ नये.

डासांचाही विचार व्हावा. घाणेरड्या पाण्यात वाढणारा आणि काही प्रदेशांत हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास सेप्टिक टँकमध्ये मुबलक पैदास करतो. वायुनलिकेवर जाळी आणि घट्ट बसणारी झाकणे एवढ्याने त्याला आळा बसतो.

वनस्पतींच्या वाफ्यातून सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धत लहान वस्तीला जमते का?

जागा असेल तर उत्तम जमते. टाकीतून निघालेले पाणी खडीने भरलेल्या, अस्तर घातलेल्या वाफ्यातून पृष्ठभागाखालून वाहते आणि कर्दळ, बोरू यांसारख्या वनस्पतींच्या मुळांवरचे सूक्ष्मजीव ते शुद्ध करतात. उष्ण हवामानात माणशी काही चौरस मीटर क्षेत्र लागते. पाणी उघड्यावर दिसत नसल्याने डास व वास होत नाहीत, आणि पुरेसा उतार असल्यास वीजही लागत नाही. उष्ण, वादळी वाऱ्याच्या बेटावर वनस्पती पुष्कळ पाणी हवेत सोडतात. त्यामुळे बाहेर पडणारे पाणी कमी होते, पण क्षार वाढतात. अस्तर फाटले, तर सगळा खटाटोप वाया जातो, म्हणून प्रवाळाच्या टोकदार तुकड्यांवर वाळूचा थर पसरल्याशिवाय अस्तर अंथरू नये. जंतूंचे प्रमाण बरेच घटले तरी हे पाणी पिण्याजोगे होत नाही.

हवा फुंकणारी तयार प्रक्रिया यंत्रे घ्यावीत का?

वीज अखंड असेल, सुटे भाग बेटावर मिळत असतील आणि दुरुस्ती करणारा माणूस तेथेच राहत असेल तरच घ्यावीत. यांपैकी एकही अट पूर्ण होत नसेल, तर बंद पडलेले यंत्र म्हणजे महागडी सेप्टिक टँकच असते.

बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्लोरिन टाकले की काम भागते का?

नाही. गढूळ पाण्यातील सेंद्रिय पदार्थ आणि अमोनिया क्लोरिन खाऊन टाकतात, कणांच्या आत दडलेले जंतू वाचतात आणि जंताच्या अंड्यांवर क्लोरिनचा फारसा परिणाम होत नाही. आधी पाणी नितळ झाले पाहिजे. उरलेले क्लोरिन प्रवाळालाही घातक असते.

टाकीतून उपसलेल्या गाळाचे काय करावे?

योजना आखताना हाच प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो आणि योजना बहुधा येथेच फसते. गाळ आणि तवंग मिळून टाकीचा एक तृतीयांश भाग भरला की उपसा करावा. सामान्य वापरात ही वेळ तीन ते पाच वर्षांनी येते. लहान बेटावर मैला उपसणारी गाडी सहसा नसते. असली तरी तिला रिकामे होण्याची जागा नसते, आणि मग ती किनाऱ्यावर रिकामी होते. म्हणून टाक्या बांधण्याआधी गाळ सुकवण्याचे वाफे बांधावेत. वाळू-खडीच्या, अस्तर असलेल्या वाफ्यात पाणी खाली निथळते आणि ते पुन्हा प्रक्रियेकडे नेले जाते. वरचा गाळ सुकतो. त्यात बोरूसारख्या वनस्पती लावल्या, तर गाळ वर्षानुवर्षे थरावर थर टाकता येतो. सुकलेला गाळ पालापाचोळ्यासह कुजवून, साठवणीची मुदत पाळून झाडांना घालता येतो. हाताने आणि संरक्षक साधनांविना गाळ उपसण्याचे काम कोणालाही करायला लावू नये. विषारी वायूंमुळे टाकीत उतरणे जीवघेणे ठरते.

उधाण, वादळ आणि वाढती समुद्रपातळी यांसाठी काय तयारी ठेवावी?

उधाणाच्या भरतीत भूजल वर येते आणि रिकामी टाकी नावेसारखी उचलली जाते. ३ घनमीटरची रिकामी टाकी पूर्ण बुडाली, तर तिला वर ढकलणारा जोर सुमारे ३ टन वजनाइतका असतो, म्हणून ती काँक्रीटच्या पायाला बांधावी आणि पावसाळ्याच्या किंवा वादळाच्या दिवसांत उपसून रिकामी करू नये. झाकणे व तपासणीची तोंडे ज्ञात पूररेषेच्या वर असावीत, तर पाण्याच्या उलट प्रवाहाला रोखणारी झडप प्रत्येक निर्गमावर असावी. कोरड्या शौचालयाचे कप्पे जोत्यावर उंच बांधणे तुलनेने सोपे असते, हा त्या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. समुद्रपातळी वाढली की भूजलही वर येते. आज जेमतेम ६० सेंटिमीटर असलेला कोरडा थर पुढे तेवढा राहणार नाही, हे गृहीत धरून उंची ठरवावी.

प्रत्येक घराची वेगळी व्यवस्था करावी की संपूर्ण वस्तीची एकत्र?

घरे विखुरलेली असतील तर वेगळी, खेटून असतील तर आठ-दहा घरांची मिळून, आणि शहरासारखी दाटी असेल तर सामायिक वाहिन्या, असे साधारणपणे म्हणता येते. पण निर्णायक मुद्दा देखभालीचा आहे. बांधकामासाठी बाहेरून निधी मिळतो. झडप बदलण्यासाठी, गाळ उपसण्यासाठी आणि देखरेख करणाऱ्याच्या वेतनासाठी तो सहसा मिळत नाही. हवाईमध्ये थेट जमिनीत मैलापाणी सोडणारे ८० हजारांहून अधिक खड्डे आहेत. २०१७ च्या कायद्यानुसार ते २०५० पर्यंत बदलायचे आहेत, आणि तुलनेने सधन असलेल्या त्या बेटांवरही खर्च कोणी उचलायचा, हाच वादाचा मुख्य विषय आहे. लहान बेटाने कामाला हात घालण्यापूर्वी वार्षिक वर्गणी, जबाबदार व्यक्ती आणि सुट्या भागांचा साठा यांविषयी लेखी ठराव करावा. त्यात भाड्याच्या घरांची जबाबदारी मालकाची की भाडेकरूची, हेही स्पष्ट लिहावे.

आपली व्यवस्था नीट चालते आहे हे कसे ओळखावे?

विहिरीच्या पाण्याची वर्षातून किमान दोनदा, एकदा कोरड्या ऋतूच्या शेवटी आणि एकदा मोठ्या पावसानंतर, तपासणी करावी. १०० मिलिलिटर पाण्यात मैल्याची खूण असलेला ई. कोलाय जीवाणू एकही नसावा, नायट्रेट ५० मिलिग्रॅमच्या आत असावे आणि विद्युतवाहकता वाढत नसावी. तिची वाढ म्हणजे खारे पाणी वर येत असल्याची खूण असते. बाटलीतील कागद काळा पडण्यावर आधारित स्वस्त चाचणी खेड्यापाड्यांत प्रचलित आहे, पण समुद्राच्या पाण्याचा अंश आणि सडणारा पाला असलेल्या विहिरीत नैसर्गिक सल्फाइडमुळेही कागद काळा पडू शकतो, म्हणून तिचा निष्कर्ष अंतिम मानू नये. प्रत्येक मोजणीची तारीख, भरतीची वेळ आणि आधीच्या आठवड्यातील पाऊस यांची नोंद एकाच वहीत ठेवावी, कारण एका आकड्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा कल अधिक सांगतो. पाणी दूषित आढळले, तर ते उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र पाणी आटल्यामुळे उलट थोडे वाढते, आणि तेव्हा बाळांसाठी छतावरून गोळा केलेले, पहिल्या सरीचे पाणी वगळलेले पावसाचे पाणी उकळून राखून ठेवावे.